साठीच्या हौशी खेळाडूनं प्रोफेशनल टेनिस स्पर्धेत उतरावं का?

तिरपा_स्लाइस

न्यूपोर्टचा तो दुहेरीचा सामना मी पहिल्या पॉइंटपासून शेवटपर्यंत पाहिला आणि तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात घोळतोय. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: जुलै २०२५, अमेरिकेतलं ऱ्होड आयलंड, हॉल ऑफ फेम ओपन, गवताचं कोर्ट, चॅलेंजर १२५ दर्जाची, म्हणजे मुख्य टूरच्या खालच्या पायरीची स्पर्धा. एका बाजूला ओमर जसिका आणि बर्नार्ड टॉमिक. दुसऱ्या बाजूला विम्बल्डनची दुहेरी दोनदा जिंकून निवृत्त झालेला जॅक सॉक, आणि त्याच्या शेजारी बिल अ‍ॅकमन. वय ५९, धंदा हेज फंडाचा, संपत्ती अब्जावधी डॉलरची. जोडीला वाइल्ड कार्ड, म्हणजे रँकिंग न बघता आयोजकांनी दिलेली जागा, मिळालं होतं. निकाल ६-१, ७-५, जसिका-टॉमिकच्या बाजूनं.

दुसऱ्या सेटच्या आकड्यावर जाऊ नका. समोरचे दोघं अ‍ॅकमनला सांभाळून घेत खेळत होते, हे स्क्रीनवरसुद्धा लपत नव्हतं. माजी खेळाडू अँडी रॉडिकनं आपल्या पॉडकास्टवर सांगून टाकलं की व्यावसायिक टेनिसमध्ये याहून मोठी थट्टा त्यानं पाहिलेली नाही. मार्टिना नवरातिलोव्हानं सोशल मीडियावर टोला हाणला की वाइल्ड कार्ड विकत मिळतं म्हणायचं.

आता दुसरं उदाहरण घ्या. एप्रिल २०१६, अलाबामातलं पेलहॅम, महिलांची २५ हजार डॉलरची आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) स्पर्धा. क्वालिफाइंगच्या (मेन ड्रॉ, म्हणजे मुख्य स्पर्धेआधीच्या पात्रता सामन्यांच्या) पहिल्या फेरीत गेल फाल्कनबर्ग या ६९ वर्षांच्या बाईंनी २२ वर्षांच्या मुलीला ६-०, ६-१ हरवलं. पुढच्या फेरीत टेलर टाउनसेंडनं त्यांना ६-०, ६-० असं घरी पाठवलं. टाउनसेंड तेव्हा १९ वर्षांची होती. तीच पुढे २०२४ मध्ये विम्बल्डनची दुहेरी जिंकली. फाल्कनबर्ग तशा अगदी कोऱ्या नव्हत्या, पूर्वी स्पर्धा खेळलेल्या, कोचिंग केलेल्या. पण ६९ म्हणजे ६९.

नियमांचं म्हणाल तर आयटीएफच्या स्पर्धेत वयाची खालची मर्यादा आहे, १४ वर्षं. वरची मर्यादा नाही. आयपिन (खेळाडूचा नोंदणी क्रमांक) काढा, फी भरा, नाव टाका.

माझं मत आधीच सांगून टाकतो. वय किती याच्याशी मला घेणं नाही. रँकिंगच्या यादीतून आलात तर नव्वदीचे असलात तरी या. कोणाला तरी फोन करून आलात तर तिशीचे असलात तरी नको. मला फाल्कनबर्ग चालतात, अ‍ॅकमन चालत नाही. आता बोला.

डेक्कनचा_डावखुरा

चॅलेंजरच्या दुहेरीत मोजून १६ जोड्या असतात. त्यातली एक जागा अशी गेली की दोन पोरं बाहेर. त्यांचे त्या आठवड्याचे पैसे गेले, पॉइंट मिळवायची संधी गेली, आणि रँकिंग जिथल्या तिथं राहिलं की पुढच्या एंट्रीचं गणितही बिघडतं. उद्या कोणी सवाई गंधर्वला घसघशीत देणगी दिली आणि म्हणाला, मला तासभर यमन गाऊ द्या, तर मंडपात काय होईल? आपण पुणेकर टाळ्या वाजवूनच उठवू.

गंमत्या

आणि यमन बरा गात असेल तर?

डेक्कनचा_डावखुरा

बरा गाणाऱ्यांची रांग स्वारगेटपर्यंत लागलीये. तिच्या शेवटी उभा राहा म्हणावं.

मावळतीची_सर्व्हिस

नवरातिलोव्हाबाईंचं नाव निघालंच आहे तर एक आठवण करून देते. २००४ मध्ये त्यांना स्वतःला ४७ व्या वर्षी फ्रेंच ओपनच्या एकेरीचं वाइल्ड कार्ड मिळालं होतं. पहिल्याच फेरीत जिसेला डुल्कोनं ६-१, ६-३ उडवलं. तेव्हाही हेच म्हटलं गेलं होतं, की एखाद्या तरुण फ्रेंच मुलीची जागा खाल्ली.

तिरपा_स्लाइस

ताई, गोष्ट अर्ध्यावर सोडलीत. त्याच वर्षी विम्बल्डनला पहिल्या फेरीत त्यांनी कॅतालिना कास्तान्योला ६-०, ६-१ हरवलं. दुसऱ्या फेरीत पुन्हा डुल्कोच समोर आली आणि तिथं पहिला सेट मार्टिनानं घेतला होता. विम्बल्डनची एकेरी नऊ वेळा जिंकलेल्या बाईला वाइल्ड कार्ड देणं आणि हेज फंडवाल्याला देणं एकाच तागडीत कसं घालता?

मावळतीची_सर्व्हिस

मी तागडीत घातलं नाही. एवढंच म्हणतेय की वाइल्ड कार्डाचा निवाडा लोक निकाल बघून करतात. पॅरिसला हरल्या तेव्हा हट्टी म्हातारी, लंडनला जिंकल्या तेव्हा अजरामर. व्हीनस विल्यम्सचंही तेच. जुलै २०२५ मध्ये वॉशिंग्टनला ४५ व्या वर्षी वाइल्ड कार्ड घेऊन आली, त्याआधी वर्षभराहून जास्त खेळलेलीच नव्हती. पेटन स्टर्न्सला ६-३, ६-४ हरवलं म्हणून सगळे उभे राहून टाळ्या. हरली असती तर याच धाग्यावर तिचं नाव अ‍ॅकमनशेजारी आलं असतं. पैज लावा.

गंमत्या

आणि आपला बोपण्णा? ४३ व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपन, ४३ व्या वर्षी दुहेरीत जगात पहिला. त्याच्या आदल्या वर्षी हांगझोउला आपल्या ऋतुजा भोसलेबरोबर एशियन गेम्सचं मिश्र दुहेरीचं सुवर्ण. म्हणे वय!

जुना_चेंडू

गंमत्या, बोपण्णा हौशी कधीपासून झाला? तो आयुष्यभर हेच काम करत होता. धाग्याचा विषय आहे ज्यांचं पोट टेनिसवर नाही असे प्रौढ. किमिको दाते घ्या, ३७ व्या वर्षी परतली आणि ३९ पूर्ण व्हायच्या आदल्या दिवशी सोलची डब्ल्यूटीए (महिलांची व्यावसायिक टूर) स्पर्धा जिंकली. थोर बाई. पण तीही पूर्वी जगातल्या पहिल्या पाचांत होती. ही सगळी उदाहरणं इथं गैरलागू.

लागू पडणारं उदाहरण हवं असेल तर मागे जावं लागेल. एप्रिल १९६८, इंग्लंडमधलं बोर्नमथ. त्याआधी मोठ्या स्पर्धा, अगदी विम्बल्डनसुद्धा, हौशी खेळाडूंच्या होत्या आणि पैसे घेणाऱ्यांना तिथं मज्जाव होता. बोर्नमथला ब्रिटिश हार्ड कोर्ट चॅम्पियनशिप पहिल्यांदा सर्वांना खुली झाली. आणि झालं काय, तर मार्क कॉक्स या हौशी इंग्रजानं पांचो गोन्झालेसला हरवलं, आणि पाठोपाठ रॉय एमर्सनला. गोन्झालेस तेव्हा चाळिशीला टेकलेला. म्हणजे खुल्या टेनिसच्या पहिल्याच स्पर्धेत हौशी पोरगा जिंकला आणि म्हातारा प्रोफेशनल हरला!

पुढच्याच वर्षी त्या गोन्झालेसनं ४१ व्या वर्षी विम्बल्डनला चार्ली पासारेलला हरवलं. २२-२४, १-६, १६-१४, ६-३, ११-९. एकूण ११२ गेम, ५ तास १२ मिनिटं, अंधार पडला म्हणून दोन दिवसांत. मुद्दा असा की सगळ्यांना एका ड्रॉमध्ये आणताना कोणीही वरच्या वयाची अट घातली नाही. ती मुभा नंतरही कोणी काढून घेतलेली नाही. आता साठीचा कोणी आला म्हणून नाक मुरडायचं कारण काय?

नाशिकची_आई

कारण मी सांगते. माझी मुलगी आयटीएफ खेळते, त्यामुळे जरा लांबलचक होईल.

१५ हजार डॉलरची स्पर्धा म्हटलं की नातेवाइकांना वाटतं जिंकणारीला १५ हजार मिळतात. ती सगळ्या स्पर्धेची मिळून रक्कम. मेन ड्रॉच्या पहिल्या फेरीत हरलं की हातात दीडशे डॉलरच्या आसपास, म्हणजे तेरा हजार रुपये, त्यातूनही कर कापून. क्वालिफाइंगमध्ये हरलं तर शून्य. एंट्री फी, हॉटेल, जेवण, रॅकेटचं स्ट्रिंगिंग, आणि मुलगी एकटी कशी जाणार म्हणून बरोबर मी किंवा तिचे बाबा. परदेशात स्पर्धा असेल तर व्हिसा आणि विमान. आयटीएफनंच मागे आकडेमोड केली होती, २०१३ सालची: खेळून ज्यांचा खर्च भागतो असे जगात ३३६ पुरुष आणि २५३ महिला. बाकी हजारो खेळाडू घरचे पैसे घालून खेळतात. सुमित नागल देशात पहिला होता तेव्हा, २०२३ मध्ये, म्हणाला होता की खात्यात फक्त ९०० युरो आहेत. तो नागल! आमच्यासारख्यांचं काय सांगू.

या सगळ्याच्या शेवटी असतो एक पॉइंट. मेन ड्रॉमध्ये एक सामना जिंकला की मिळतो तो. त्या एका पॉइंटावर पुढच्या स्पर्धेत नाव यादीत वर सरकतं. आम्ही अल्टरनेटच्या यादीत नाव असतानासुद्धा रात्रीची गाडी पकडून गेलो आहोत, कोणीतरी आयत्या वेळी गळेल या आशेवर. आणि सकाळी कोर्टावर कळतं की कोणीही गळलेलं नाही.

म्हणून ‘चला, साठीत एक अनुभव घेऊन बघू’ असं कोणी म्हणालं की पोटात तुटतं. त्यांचा अनुभव होतो, पण तो ज्या जागेवर होतो ती जागा कोणाची तरी असते.

वाइल्ड कार्ड कशासाठी असतं ते मुंबईत दिसलं. २०२५ च्या मुंबई ओपनला, सीसीआयवर (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया), १५ वर्षांच्या माया राजेश्वरनला क्वालिफाइंगचं वाइल्ड कार्ड दिलं. पोरगी क्वालिफाय झाली आणि थेट सेमीफायनलपर्यंत गेली. ते कार्ड एखाद्या उद्योगपतीला दिलं असतं तर?

फ्युचर्स_फकीर

वय २३, एम-१५ आणि एम-२५, म्हणजे पुरुषांच्या सगळ्यांत खालच्या पातळीच्या आयटीएफ स्पर्धा खेळतो, रँकिंग विचारू नका.

काकू, तुमचं बाकी सगळं पटलं, पण एक सांगतो. आम्हा पोरांना साठीच्या काकांचा त्रास होत नाही. ड्रॉमध्ये काका समोर आले तर मी देवाला नारळ फोडीन. ६-०, ६-०, पाय ताजे, दुपारी झोप. फार तर एवढीच धास्ती की काका लोब (डोक्यावरून उंच चेंडू) टाकत बसले आणि मी चुकून सेट घालवला तर ग्रुपवर आयुष्यभर निघेल.

खरा त्रास वेगळाच आहे. माझ्याच वयाचा, माझ्याहून चार पायऱ्या खाली खेळणारा मुलगा दर स्पर्धेत वाइल्ड कार्ड घेऊन मेन ड्रॉमध्ये असतो, कारण घरचे कोणाला तरी ओळखतात. एकदा एका स्पर्धेत मी क्वालिफाइंगच्या शेवटच्या फेरीत तीन तास घासून हरलो. शेजारच्या कोर्टावर अशाच एकाचा मेन ड्रॉचा सामना पाऊण तासात आटोपला. तो हरला, पण पहिल्या फेरीचे पैसे घेऊन गेला. त्यावर धागा निघत नाही. अ‍ॅकमन ५९ वर्षांचा आणि अब्जाधीश असल्यामुळे दिसला. २१ वर्षांचे अ‍ॅकमन कोणाला दिसत नाहीत.

तिरपा_स्लाइस

हेच तर म्हणत होतो. फकीरनं चार ओळींत सांगितलं.

पंचगिरी

अनेक वर्षं अंपायरिंग केलं आहे. इथं थोडी माहिती कमी पडतेय, ती देतो.

यादी कशी लागते? आधी एटीपी (पुरुषांची टूर) किंवा डब्ल्यूटीए रँकिंगवाले, मग आयटीएफ रँकिंगवाले, मग आपापल्या देशातलं रँकिंग, आणि सगळ्यांत शेवटी ज्यांना कसलंच रँकिंग नाही ते. म्हणजे बिनरँकिंगच्या काकांना जागा मिळाली, याचा सरळ अर्थ असा की त्या आठवड्यात यादी तेवढी भरली नव्हती. त्यांनी कोणाची जागा खाल्ली नाही, रिकामी भरली. भारतात, त्यातून पुण्या-मुंबईकडे, यादी बहुधा भरलेली असते. काकांचा नंबर लागणं अवघड. वाइल्ड कार्ड मात्र या यादीच्या बाहेरचं. तिथं आयोजक आणि संघटना ठरवतात. नियमानं त्याच्या बदल्यात पैसे घेता येत नाहीत. पण मैत्री, देणगी, भविष्यातली मदत हे कोणत्या रकान्यात लिहायचं, ते नियमात नाही.

अ‍ॅकमनच्या सामन्यात मला जास्त खटकलं ते समोरच्या जोडीचं सांभाळून घेणं. खेळाडूनं प्रत्येक सामन्यात शर्थीनं खेळलं पाहिजे असा नियम आहे आणि तो मोडला तर दंड होतो. पण ५९ वर्षांच्या माणसाच्या अंगावर पूर्ण ताकदीनं व्हॉली मारली तर लोक म्हणणार, काय निर्दयी पोरं. असा माणूस कोर्टावर आणला की समोरच्याची दोन्हीकडून पंचाईत.

आणखी एक बाजू आहे ती बेटिंगची. छोट्या स्पर्धेला प्रेक्षक दहा असतात, म्हणून वाटतं कोणी बघत नाही. पण २०१२ पासून या स्पर्धांचे लाइव्ह स्कोअर बेटिंग कंपन्यांपर्यंत पोचू लागले. २०१८ च्या स्वतंत्र चौकशी समितीनं खालच्या पातळीवरच्या फिक्सिंगवर कडक ताशेरे मारले आणि सगळ्यांत खालच्या स्पर्धांचा डेटा विकणं थांबवा असं सुचवलं. २०१९ मध्ये दोह्याच्या एम-१५ क्वालिफाइंगला एक माणूस उतरला, त्याला रॅकेट धड धरता येत नव्हतं. थायलंडच्या क्रित्तिन कोयकुलनं त्याला ६-०, ६-० हरवलं, ४८ पैकी ४८ पॉइंट घेऊन, २२ मिनिटांत. लोक व्हिडिओ बघून हसले. मला हसू आलं नाही. असा सामना प्रोफेशनल म्हणून नोंदला जातो आणि त्यावर जगात कुठंतरी पैसे लागू शकतात.

आणि तो माणूस म्हातारा नव्हता, हेही लक्षात घ्या.

गंमत्या

गोल्फमध्ये पण असा एक अवलिया होता ना?

पंचगिरी

मॉरिस फ्लिटक्रॉफ्ट. १९७६ ची ब्रिटिश ओपन. क्रेन चालवणारा ४६ वर्षांचा माणूस, फॉर्मात ‘प्रोफेशनल’वर खूण केली आणि फॉर्म्बीला क्वालिफाइंग खेळायला उभा राहिला. १२१ फटके, पारपेक्षा ४९ जास्त. आयोजक संतापले, त्याच्यावर बंदी आली. लोकांनी मात्र डोक्यावर घेतला. पण गोल्फमध्ये दुसऱ्याच्या चेंडूला हात लावावा लागत नाही, टेनिसमध्ये समोरच्याचा सामनाच तुम्ही असता. म्हणून तिथली गंमत इथं चालत नाही.

जर्सीसिटीचा_जोशी

अमेरिकेतून लिहितोय. इथं मी यूएसटीएच्या (अमेरिकेच्या टेनिस संघटनेच्या) लीगमध्ये ४.० या हौशी पातळीला खेळतो, म्हणजे शनिवारी खेळतो आणि रविवारी बर्फ लावतो. न्यूपोर्टला गेलोय. हॉल ऑफ फेमची ती गवताची कोर्टं फी भरून कोणालाही खेळायला मिळतात, मीही खेळलोय. ज्या हिरवळीवर अ‍ॅकमनला खेळायचं होतं तिथं कोणत्याही मंगळवारी खेळता आलं असतं!

पण त्या माणसाची थोडी बाजू घेतो. जोकोविच आणि पॉस्पिसिलनं २०२० मध्ये काढलेल्या खेळाडूंच्या संघटनेचा तो पाठीराखा आहे, म्हणजे खालच्या रँकिंगच्या पोरांना जास्त पैसे मिळावेत असं म्हणणाऱ्यांतला. आणि सामन्यानंतर त्यानं स्वतः लिहिलं की कोर्टावर गेल्यावर हात-मनगट गोठलं, श्वास लागेना, आणि तो दमाचा प्रश्न नव्हता. लाखो लोकांपुढं हे लिहायला धाडस लागतं. आमच्या लीगच्या फायनलला बारा माणसं बघत होती तर माझी दुसरी सर्व्हिस जाळीच्या तळाशी जात होती.

यूएसटीएनं २०१० मध्ये एक चांगली गोष्ट सुरू केली होती. नॅशनल प्लेऑफ्स. १४ वर्षांवरचा कोणीही फी भरून आपल्या विभागात खेळू शकायचा. प्लंबर या, प्राध्यापक या, आजोबा या. जिंकत जिंकत शेवटपर्यंत गेलात तर यूएस ओपनच्या क्वालिफाइंगचं वाइल्ड कार्ड. आजोबा कधी पोचणार नाहीत हे सगळ्यांना माहीत, पण हरतात ते कोर्टावर. वाइल्ड कार्ड असं कमावता येतं. आपल्याकडे एमएसएलटीएनं, म्हणजे राज्याच्या टेनिस संघटनेनं, महाराष्ट्रापुरतं असं काही केलं तर?

डेक्कनचा_डावखुरा

जोशीबुवा, कल्पना झकास. पण कोर्टं कुठून आणायची? बालेवाडीला स्पर्धा असली की आम्हाला सरावाला जागा शोधत फिरावं लागतं. ज्युनियरच्या स्पर्धांचेच ड्रॉ तुडुंब असतात.

काका_लोबवाले

फकीरनं लोबचं नाव काढलं म्हणून आलो.

वय ६१, बँकेतून निवृत्त, व्हेटरन्सच्या स्पर्धा खेळतो. आयपिन काढायचं मनात आहे, आणि ते मजेसाठी नाही. नाशिकच्या ताईंना राग येणार हे माहीत असून लिहितो.

आमच्या पिढीत मध्यमवर्गीय घरात टेनिस म्हणजे श्रीमंतांचे चोचले होते. बॉलबॉय म्हणून उभं राहून खेळ शिकलो, जुनी लाकडी रॅकेट मिळाली तेव्हा अकरावीत होतो. पुढे नोकरी, बदल्या, संसार. खऱ्या अर्थानं रोज खेळायला लागलो ते पन्नाशीनंतर. व्हेटरन्समध्ये समोर कोण असतं? पूर्वी राज्य, राष्ट्रीय पातळीवर खेळलेले. नितीन कीर्तनेसारखा माणूस घ्या, १९९२ मध्ये भूपतीबरोबर विम्बल्डनच्या ज्युनियर दुहेरीची फायनल खेळलेला. अशांच्या पंगतीतले लोक व्हेटरन्समध्ये उतरतात. म्हणजे तिथंही मी हरतोच. मग एकदा तरी ज्याला टेनिस म्हणतात त्या वेगापुढं उभं राहून हरावं असं वाटलं तर काय चुकलं? ज्या वयात हे करायचं असतं त्या वयात मला कोणी बोलावलं नव्हतं.

नाशिकची_आई

काका, राग नाही. पण माझ्या मुलीला ज्या वयात बोलावायचं ते वय हेच आहे, आणि ते फार थोडी वर्षं असतं. तुमचं राहून गेलं त्याचं वाईट वाटतं, पण त्याची भरपाई तिच्या ड्रॉमधून होऊ नये.

काका_लोबवाले

मुलींच्या ड्रॉमध्ये मला घेत नाहीत ताई, निश्चिंत राहा. 🙂

बाकी तुमचं म्हणणं रास्त आहे. म्हणूनच पंचगिरींनी सांगितलेली रिकाम्या जागेची गोष्ट मला महत्त्वाची वाटली. यादी भरली नसेल तरच. वाइल्ड कार्ड कोणी ताटात वाढून दिलं तरी घेणार नाही. तसं देणार कोण म्हणा, पेन्शनरला!

डॉ_गुडघेदुखी

अस्थिरोगतज्ज्ञ आहे, रविवारी दुहेरी खेळतो. काका, तुम्हाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

एक, २०० किलोमीटर वेगाची सर्व्हिस तुमच्यापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आसपास पोचते. चेंडू दिसून मेंदूनं निर्णय घेण्यात त्यातला बराच वेळ जातो. वयानं निर्णयाचा वेग तितकासा कमी होत नाही, पहिलं पाऊल उचलण्याचा वेग होतो. त्यामुळे चेंडू कळेल, पण तुम्ही तिथं नसाल. हे मानसिकदृष्ट्या जास्त त्रासदायक असतं.

दोन, टाचेच्या वरचा अकिलीस टेंडन. हळूहळू खेळणाऱ्या माणसानं एकदम झेप घेतली की तो तुटतो आणि आवाज ऐकू येतो. रुग्ण सांगतात की वाटलं मागून कोणीतरी लाथ मारली. बहुतेक वेळा मागे कोणीच नसतं. वासराचे, म्हणजे पोटरीचे, व्यायाम तीन-चार महिने नीट करून मगच उतरा. ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करा, हे बायकोनं सांगितलं तर ऐकत नाहीत म्हणून मी सांगतो.

बोपण्णानं सांगितलंय की गुडघ्यातली कूर्चा झिजून गेली होती आणि अय्यंगार योगानं त्याला पुन्हा उभं केलं. पुण्यात राहून अय्यंगार योग करत नसाल तर कमाल आहे.

गंमत्या

डॉक्टर, ‘वासराचे’ म्हणजे इंग्रजी काफचं भाषांतर का! ठार झालो.

मावळतीची_सर्व्हिस

मला एक वेगळंच विचारायचंय. वयस्कर लोकांसाठी आयटीएफचा मास्टर्स टूर आहे ना, ३० च्या पुढे पाच-पाच वर्षांचे गट, ९० च्या वरचासुद्धा. खारकीवचे लिओनिद स्टॅनिस्लावस्की २०२१ मध्ये ९७ व्या वर्षी मायोर्काला तिथल्या जागतिक स्पर्धेत खेळले, नदालनंही त्यांच्याबरोबर चेंडू मारले. आपल्या बरोबरीच्यांशी खेळण्यात कमीपणा काय आहे? काकांचा हट्ट मला कळतो, पण अ‍ॅकमनचा आणि काकांचा हट्ट मुळात एकच नाही का? पोरांच्या मांडवात मिरवण्याचा? फक्त एकाकडे पैसे आहेत.

काका_लोबवाले

ताई, बोचलं. पण थोडं खरं आहे.

तरी फरक राहतोच. त्याला सॉकच्या शेजारी उभं राहून खेळायचं होतं. मला अशा कोर्टावर हरायचंय जिथं मला कोणी ओळखत नाही.

तिरपा_स्लाइस

ताई, हट्ट एकच असेलही. पण त्या हट्टाची किंमत कोण मोजतं? काका हरले तर स्वतःची फी आणि पोटरी घालवतील. न्यूपोर्टला बाहेर राहिलेल्या जोडीनं दुसऱ्याच्या हट्टाची किंमत मोजली. मी तिथंच अडतो.

पंचगिरी

काका, व्यवहाराचं सांगतो. थेट आयटीएफला नाव टाकू नका. आधी एआयटीएच्या (अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या) पुरुष गटाच्या स्पर्धा खेळा. तिथंही वरच्या वयाची अडकाठी नाही, ड्रॉ मोठे असतात, आणि एखादा सामना निघाला तर देशातल्या रँकिंगमध्ये नाव लागतं. मग आयटीएफच्या यादीत तुम्ही बिनरँकिंगवाल्यांच्या पुढे असाल, आणि कोणी तोंड वर करून विचारलं तर यादी दाखवाल. नाही निघाला सामना, तर उत्तर तिथंच मिळालं, आयटीएफच्या फीचे चाळीस डॉलर वाचले.

काका_लोबवाले

हे पटलं. एक शंका. क्वालिफाइंगमध्ये तिसरा सेट पूर्ण खेळावा लागतो का?

पंचगिरी

नाही. एक-एक सेट झाला तर दहा पॉइंटांचा मॅच टायब्रेक.

फ्युचर्स_फकीर

काका, पहिला एक सेट तर घ्या! पुण्यात असाल तर सकाळी साडेसहाला बालेवाडीला या. माझा सर्व्हिसचा सराव होईल, तुमचा रिटर्नचा. सांभाळून घेणार नाही, आधीच सांगतो.

काका_लोबवाले

येतो. चेंडूंचा नवीन डबा मी आणतो. डॉक्टर, पोटरीचे व्यायाम इथंच लिहा, व्यनि नको, बाकीच्यांनाही लागतील.